गावाच्या दीडशेव्या वर्षाला चांदीचं नाणं काढायचं, तर परवानगी कोणाची?

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या नगरसेविका ताईंनी विचारलं आहे: गाव वसून पुढच्या वर्षी दीडशे वर्षं होतात. नगरपंचायतीच्या सभेत '१० ग्रॅम वजनाची ५०० चांदीची नाणी पाडावीत' असा ठराव एकमताने झाला. मुख्याधिकारी म्हणतात, आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी आणा. गावचा सराफ म्हणतो, परवानगी कायची, पंधरा दिवसांत पाडून देतो. खरं कोणाचं?

ताई, दोघांचंही अर्धं खरं आहे आणि खोट तिसरीकडेच आहे: तुमच्या ठरावातल्या 'नाणी' या शब्दात.

माझं घर सोनाराचं आणि नोकरी नगरपरिषदेच्या लेखा शाखेतली. लहानपणी बाबांच्या दुकानात कसोटीवर रेघ ओढायला शिकलो, मोठेपणी लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरं लिहायला. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजूंनी हात पोळून घेतलेले आहेत.

आधी मुख्याधिकाऱ्यांचं बघू. नाणं पाडण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला नाही. चलन आणि नाणी हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहे, ३६ व्या नोंदीत. नाणं केंद्र सरकारचं, पाडणारी टांकसाळ केंद्र सरकारच्या महामंडळाची. बँक ते फक्त बाजारात आणते. २०११ च्या नाणे अधिनियमात 'नाणं' म्हणजे काय ते लिहिलेलं आहे: सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्याने ठसा मारलेलं आणि कायद्याने चलन असलेलं. स्मारक नाणंही त्यात आलं. गंमत म्हणजे त्याच व्याख्येत एक रुपयाची नोटसुद्धा 'नाणं' आहे, कारण ती रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची आहे. सांगायचं इतकंच की रिझर्व्ह बँकेला पत्र पाठवलंत तर ते फिरत फिरत परत येईल आणि तुमचे चार महिने जातील.

आता सराफाचं. चांदीची गोल चकती घेऊन तिच्यावर गावाच्या वेशीचं चित्र ठोकायला कोणाचीच परवानगी लागत नाही. धनत्रयोदशीला लक्ष्मीचे शिक्के विकतात, ते कोण मंजूर करतं? पण तीच चकती पैसा म्हणून वापरली जावी अशा हेतूने पाडणं किंवा वाटणं याला त्याच कायद्याने बंदी आहे, आणि ती आजची नाही. १८८९ सालापासून धातूच्या टोकनांचा वेगळा कायदाच होता, तो २०११ च्या कायद्यात विरघळला. म्हणजे नगरपंचायतीला पदक काढता येतं, नाणं काढता येत नाही. वस्तू तीच, वजन तेच, सराफही तोच. फरक तिच्यावर काय लिहिलं आणि ठरावात तिला काय म्हटलं एवढाच.

हा फरक कागदी वाटतो ना? मलाही वाटायचा. २०१४ सालची गोष्ट सांगतो.

आमच्या पालिकेला सव्वाशे वर्षं झाली म्हणून १० ग्रॅमचे २५० नग काढले. एका बाजूला पालिकेची जुनी इमारत, दुसऱ्या बाजूला वर तीन सिंह आणि खाली ठसठशीत '१२५'. ना 'वर्षे', ना 'वर्धापन', नुसता आकडा. नक्षी करणाऱ्याने जागा पुरेना म्हणून शब्द काढून टाकला आणि आम्ही कोणी बघितलं नाही. सफाई कामगारांनाही एकेक दिलं. पुढच्या आठवडी बाजारात त्यातल्या एकाची आई वांगी, मिरच्या, सांभार (म्हणजे कोथिंबीर) असं सगळं पिशवीत भरून घेऊन भाजीवाल्याला म्हणाली, "हे घे सव्वाशाचं. पालिकेचं हाय, साहेबानं देल्लं माह्या पोराले." भाजीवाल्याने उलटंपालटं करून पाहिलं, सिंह दिसले, आकडा दिसला. हिशोब करून उरलेले पैसे परत दिले आणि नाणं गल्ल्यात टाकलं.

त्या दिवसांत १० ग्रॅम चांदीचे चारशेच्या वर पैसे होत होते, म्हणजे भाजीवाल्याचा बाजार त्या दिवशी बरा झाला. पण संध्याकाळी ही गोष्ट गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी विरोधी गटाच्या नगरसेवकाने निवेदनच आणून दिलं: पालिका स्वतःचं चलन चालवते. हसण्यावारी गेलं नाही. जिल्ह्याहून विचारणा आली. खुलासा लिहायला मला तीन रात्री लागल्या.

म्हणून पहिली गोष्ट: पदकावर नुसता आकडा नको. '१५० वे वर्ष' असं पूर्ण लिहा. रुपया हा शब्द नको, त्याचं चिन्ह नको, 'मूल्य' नको. आकारही चालू नाण्यासारखा ठेवू नका. दुसरी गोष्ट सिंहांची. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याने ज्यांना अधिकार दिला त्यांच्यापलीकडे कोणालाही ते चिन्ह वापरता येत नाही. 'आपण पण शासनच आहोत की' हा युक्तिवाद आम्ही करून पाहिला. चालत नाही. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रंसुद्धा आहेत. केंद्राच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी ती वापरता येत नाहीत. पदक विकणार असाल तर महाराजांचं चित्र टाकण्याचा मोह आवरा. गावात दाखवण्यासारखं स्वतःचं काही असतंच: वेस, बारव, जिनिंगची चिमणी, गुजरीतलं वडाचं झाड.

काही जणांना खरंखुरंच नाणं हवं असतं, सरकारी. तो रस्ता आहे, पण तो नगरपंचायतीच्या ठरावाने उघडत नाही. प्रस्ताव केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या आर्थिक कामकाज विभागाकडे जावा लागतो. तिथे मान्य झाला तर राजपत्रात त्या नाण्यापुरते नियम निघतात: व्यास किती, धातू कोणता, कोणत्या बाजूला काय. मग टांकसाळ ते पाडते आणि संच करून विकते. आपल्याकडे स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४ साली नेहरूंच्या नाण्याने झाली. १९९० मध्ये बाबासाहेबांचा एक रुपया आला, १९९९ मध्ये ज्ञानेश्वर माउलींचा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा २०१० चं हजार रुपयांचं नाणं निघालं. या रांगेत आपलं दीडशे वर्षांचं गाव कुठे उभं राहील ते तुम्हीच ठरवा. खासदारांनी पाठपुरावा केला तरी पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमापर्यंत हातात येईल, या भरवशावर मांडव घालू नका.

शिवाय खरं नाणं हे चांदीचंच, असा जो समज आहे तोही तपासून घ्या. सरकारच्या शंभर, सव्वाशे, दीडशे रुपयांच्या ३५ ग्रॅमच्या बऱ्याच स्मारक नाण्यांत चांदी निम्मीच असते. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. आपल्याकडे देवघरात ठेवलेला राणी छाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, जुन्या मापाने एक तोळ्याचा, आणि ९१.७ टंचाचा, म्हणजे शंभरात ९१.७ भाग चांदी. १९४० मध्ये इंग्रजांनी रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली, तोच हा निम्म्या चांदीचा मसाला. १९६९ चं गांधींचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टंचाचं. तुमच्या गावचं पदक ९९९ चं, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदीचं, निघालं तर शुद्धतेत ते या सगळ्यांच्या वर जाईल.

आणि सरकारने गावागावाला नाणी द्यायला सुरुवात केली की काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत तिथल्या संसदेने कायदा करून अशी परवानगी द्यायची पद्धत आहे. १९३५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नावाच्या लहान गावाच्या दीडशेव्या वर्षासाठी चांदीचा अर्धा डॉलर मंजूर झाला, १० हजार नग. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला देवमाशावर उलट्या तोंडाने बसलेला समुद्रदेव, ते त्या गावाचं बोधचिन्ह. एक डॉलरला विकायचं ठरलं होतं, पण गावकऱ्यांना पत्ता लागायच्या आत बहुतेक माल व्यापाऱ्यांनी उचलला आणि कित्येक पट भावाने विकला. १९३६ मध्ये तर अशा नाण्यांचा नुसता पूर आला. शेवटी १९३९ मध्ये जुन्या मंजुऱ्याच बंद केल्या. पुढे पुन्हा सुरू झालं, तेव्हा वर्षाला दोनच विषय, असं कायद्याने बांधून टाकलं.

आपल्याकडचा इतिहास याहून मजेशीर आहे. अचलपूरला मुघलांच्या काळात टांकसाळ होती, 'एलिचपूर' छापाचे रुपये निघत. नागपूरकर भोसल्यांचं राज्य कटकपर्यंत होतं, तरी त्यांच्या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं. एवढ्या मोठ्या राजाने स्वतःचं नाव घातलं नाही, आणि आमच्या नगराध्यक्षांना दोन्ही बाजूंना स्वतःचं नाव हवं होतं! (तुमच्याकडेही हा विषय निघेल. पदाधिकाऱ्यांची नावं डबीच्या झाकणावर छापा, चांदीवर नको. पुढच्या निवडणुकीनंतर कोणी पदक वितळवायला आणणार नाही.)

आता मला खरी काळजी वाटते ती दीडशे या आकड्याची. दीडशे वर्षं कशाची, ताई? तालुक्याच्या बऱ्याच गावांसारखी तुमची नगरपंचायतही २०१५ च्या आसपासची असणार. त्याआधी ग्रामपंचायत. गाव त्याच्याही आधीचं, आणि म्हातारी माणसं तर गोंड राजाचं नाव घेतील. वर्ध्यासारखी सरळ उदाहरणं थोडी, १८६६ साली पालकवाडीच्या जागी आखून वसवलेलं शहर. नागपूरचंच घ्या: देवगडच्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं म्हणून १७०२ धरून २००२ ला त्रिशताब्दी झाली, पण तिथली नगरपालिका १८६४ ची. दोन्ही वर्षं खरी, फक्त वेगवेगळ्या गोष्टींची. तुमच्याकडे काय आहे, जुनी बाजाराची नोंद, शाळेचा दाखला, पोलीस पाटलाची सनद? वऱ्हाड असेल तर १८७० चं गॅझेटियर बघा, वर्धा जिल्हा असेल तर १९०६ चं. कागद मिळाला नाही तर 'स्थापना' लिहूच नका, 'बाजारपेठेची १५० वर्षे' असं काही लिहा ज्याला पुरावा आहे. चांदीवर चुकीचं साल एकदा ठोकलं की खोडता येत नाही.

आता पैसा. ५०० गुणिले १० म्हणजे ५ किलो चांदी. २०२५ च्या सुरुवातीला किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी त्याच वर्षात दीड लाखाच्या वर गेली. म्हणजे ठराव झाला त्या दिवशीचा साडेचार लाखांचा अंदाज बिल येईपर्यंत साडेसात लाखांचा झाला असता. म्हणून नगाला अमुक रुपये असा दर कधीच मागवू नका. भाव चढला की सराफ एकतर पळून जातो नाहीतर टंच उतरवतो. दरपत्रकात दोन रकाने ठेवा: चांदी उचलण्याच्या दिवसाच्या जाहीर दराने धातू, आणि नगामागे मजुरी. स्पर्धा फक्त मजुरीत होऊ द्या. तयार नग घेतले तर सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. चांदी तुमची आणि फक्त घडणावळ सराफाची असेल तर मजुरीवर ५ टक्के. कंत्राट अडीच लाखांच्या वर जाणार, तेव्हा देयकातून जीएसटीची २ टक्के कपात तुम्हालाच करायची आहे. हे आमच्याकडून राहिलं होतं आणि आक्षेपात पहिलं तेच आलं.

पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, हा प्रश्न स्थानिक निधी लेखापरीक्षेचा माणूस पहिल्या तासात विचारतो. नळाला चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावाने साडेसात लाखांची चांदी वाटली, हे वाक्य त्याच्या अहवालात फार छान दिसतं. ठराव जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली थांबवला तर कार्यक्रमपत्रिका छापून पडलेल्या असतील. माझं मत स्पष्ट आहे: नगरपंचायतीने आपला पैसा घालू नये. नागरिकांकडून आगाऊ नोंदणी घ्यावी, ज्याला हवं त्याने पैसे भरावे, पावती घ्यावी, आणि नोंदणी झाली तेवढेच नग पाडावे. मुंबई-पुण्याला आणि परदेशात गेलेली गावची पोरं पहिली नोंदणी करतात, हा अनुभव आहे. सत्कारासाठी लागतील ते पंधरा-वीस नग पालिकेच्या खर्चातून, नियमाने. आणि सराफ कोणत्याही नगरसेवकाचा साळा-भाऊजी नको. त्यात अपात्रतेपर्यंत प्रकरण जातं.

वित्त आयोगाच्या निधीकडे तर बघूही नका.

टंचाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण फसवणूक इथेच होते. ९९९ आणि ९२५ यांत डोळ्याला फरक दिसत नाही. पण ५ किलोमागे ३७० ग्रॅम चांदीच्या जागी तांबं जातं, किलोला दीड लाख धरले तर साडेपंचावन्न हजार रुपये. आमच्या २५० नगांच्या वेळी पेटी आली तेव्हा सगळे खूश, कापसासारखे पांढरेशुभ्र नग. मशीनवर ठेवले तर काटा ९९ च्या वर. मला तो पांढरेपणा जास्तच वाटला. हलकी चांदी तापवून तेजाबात उजाळली की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि कातडीवर शुद्ध चांदी उरते. किरणांचं मशीन ती कातडीच वाचतं. बाबा हे गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे, मी ते नोकरीच्या नादात विसरलो होतो. साहेबांच्या टेबलावरच पत्रा कापायच्या कात्रीने एक नग मधोमध कापला. साहेब आ वासून बघत होते. कापलेली कड किंचित पिवळसर होती. नागपूरला रसायनाने टंच काढून आणला तर ९१. माल परत गेला, महिनाभराने दुसरा आला, आणि कार्यक्रमाला वाटायचे ते नग कार्यक्रमानंतर घरोघरी पोचवावे लागले.

तेव्हा करारात लिहा की पालिका कुठलेही तीन नग निवडून कापून तपासेल, त्यांची किंमत सराफाची. हॉलमार्कची अट घाला. चांदीला ती सक्ती नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकाचं हॉलमार्क ऐच्छिक मिळतं, नग मोबाइलवर तपासता येतो.

आकाराचंही आत्ताच ठरवा. १० ग्रॅम चांदीचा व्यास ३२ मिलिमीटर ठेवला तर जाडी साधारण १.२ मिलिमीटर येते, चित्र नीट उठतं. 'मोठं दिसलं पाहिजे' म्हणून ३८ चा हट्ट धरला तर जाडी पाऊण मिलिमीटरच्या थोडी वर, नक्षी नीट उठत नाही आणि पोराने दाताखाली धरलं तरी वाकतं.

ठराव पुन्हा घ्या. शब्द असे ठेवा: 'नगराच्या १५० व्या वर्षानिमित्त चलन नसलेले, मूल्य न दर्शवणारे, १० ग्रॅम वजनाचे ९९९ शुद्धतेचे चांदीचे स्मृतिपदक नागरिकांच्या आगाऊ नोंदणीनुसार तयार करून घेण्यास ही सभा मान्यता देत आहे.' विषयपत्रिकेत, निविदेत, बिलात, साठा नोंदवहीत, डबीवर, सगळीकडे 'स्मृतिपदक'. लोक बोलताना नाणंच म्हणणार. म्हणू द्या.

राहिला साचा. आम्ही साच्याचे पैसे दिले आणि साचा सराफाकडेच ठेवला. त्या वर्षीच्या धनत्रयोदशीला त्याच्या दुकानात काचेखाली आमची पालिकेची इमारत विकायला! टंच विचारला तर म्हणाला, "तुमच्या लोकांसाठी थोडा हलका ठेवला." साचा जप्त करून आणला, मीच छिन्नीने त्यावर आडवी रेघ मारली. आता तो लेखा शाखेत आहे. पंखा लावला की देयकं उडतात, म्हणून शिपाई त्यांच्यावर ठेवतो.